बापाच्या खुनाची दाद कुठे मागायची? सोन्यामागे धावलेल्या अमेरिकेतला कायदा

समजा, १८५० च्या आसपास एक माणूस बायकामुलांना गावी ठेवून कॅलिफोर्नियाच्या डोंगरात सोनं काढायला गेला. काही महिने त्याची पत्रं येत राहिली, मग बंद झाली. शेवटी त्याच्या भागीदाराने कळवलं की त्याचा खून झाला आणि ज्याने केला तो अजून त्याच छावणीत राजरोस फिरतोय. थोरली मुलगी वयात आलेली आहे. ती ठरवते, आपण जायचं आणि दाद मागायची. पण जायचं कुणाकडे?

काउबॉयच्या सिनेमांमुळे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय की तिथे कायदा नव्हताच, ज्याच्या कमरेला पिस्तूल त्याचं राज्य. प्रत्यक्षात त्या मुलखात निवाड्यांची रेलचेल होती. खाणवाल्यांच्या सभा भरत, पंच नेमले जात, साक्षी होत, शिक्षा सुनावली जाई आणि अनेकदा त्याच दिवशी अमलातही येई. या मुलीची अडचण वेगळीच होती. त्या सभेत कुणी उभं राहायचं, कुणाचं बोलणं पुरावा धरायचं आणि मेलेला माणूस ‘आपला’ होता का, यावर सगळं ठरत असे. ते नीट कळायला आधी जमिनीपासून सुरुवात करावी लागेल.

जमीन कुणाची, तर खोदणाऱ्याची

२४ जानेवारी १८४८ रोजी कोलोमा इथे जेम्स मार्शलला पाण्याच्या पाटात सोन्याचे कण दिसले. त्यानंतर अवघ्या नऊ दिवसांनी, २ फेब्रुवारीला, मेक्सिकोने तहावर सही करून कॅलिफोर्निया अमेरिकेला दिला. म्हणजे जुनं सरकार गेलेलं, नवं नीट आलेलं नाही, आणि मधल्या काळात जगभरातून माणसं लोटली. मेक्सिकोचे खाणविषयक नियम लष्करी गव्हर्नरने रद्द केले, त्यांच्या जागी काहीच आणलं नाही. कॅलिफोर्नियाला राज्याचा दर्जा मिळाला तो सप्टेंबर १८५० मध्ये.

ही पोकळी खाणवाल्यांनी स्वतःच भरली. एकेका ओढ्याकाठची माणसं सभा घेत, त्या भागाला ‘डिस्ट्रिक्ट’ म्हणत आणि नियम लिहून काढत. एका माणसाला किती फूट जागा, खुणा कशा ठोकायच्या, नोंद कुणाच्या वहीत करायची, असं सगळं त्यात असे. अशा जागेला ‘क्लेम’ म्हणत. जमीन कागदोपत्री सरकारची, आणि हे सगळे कायद्याच्या भाषेत घुसखोर. सरकारने या स्थानिक रूढींना मान्यता दिली ती थेट १८६६ साली, आणि पुढे १८७२ च्या खाण कायद्याने सगळं एका चौकटीत बसवलं.

मुलीच्या दृष्टीने यातला एक नियम फार जाचक होता. क्लेमवर हक्क टिकवायचा तर तिथे काम चालू हवं. ठरलेले दिवस कुणी फावडं मारलं नाही की जागा मोकळी समजायची. बाप मेला की काम थांबणार, आणि बातमी मुलीपर्यंत पोचायला काही आठवडे किंवा महिने जाणार. ती येईस्तोवर तिथे दुसराच कुणी वाळू चाळत असण्याचीच शक्यता जास्त. ज्याच्या हाती ससा तो पारधी, हे तिथे नियम म्हणून लिहूनच ठेवलेलं होतं. बरं, खुनी आणि जागा बळकावणारा एकच निघाला तरी खून आणि क्लेम ही दोन भांडणं वेगळी. नोंदवहीतलं नाव बदललं की मालकी बदलली.

भर रस्त्यात निवाडा

आता खुनाचं बघू. या मुलुखात तुरुंग नव्हते. आरोपीला महिनोन्‌महिने कोंडून ठेवायची सोय नसली की शिक्षा उरतात तीनच: फटके, हद्दपारी किंवा फाशी. म्हणून सगळा निवाडा घाईचा. असा निवाडा प्रत्यक्षात कसा होई, हे समजायला मोंटानातला जॉर्ज आईव्हजचा खटला जवळून पाहावा.

साल १८६३. अ‍ॅल्डर गल्च या घळीत नुकतंच सोनं सापडलेलं. हा भाग तेव्हा आयडाहो टेरिटरीत, म्हणजे अजून राज्य न झालेल्या, केंद्र सरकारच्या ताब्यातल्या मुलखात मोडायचा आणि राजधानी डोंगररांगांच्या पलीकडे, हिवाळ्यात जवळजवळ न पोचण्यासारखी. निकोलस टिबोल्ट नावाचा जर्मन तरुण मालकाची खेचरं आणायला गेला तो परतलाच नाही. लोकांना वाटलं, खेचरं घेऊन पळाला. काही दिवसांनी शिकारीला गेलेल्या एकाला झुडपात त्याचं प्रेत सापडलं. त्याने ते गाडीत घालून नेवाडा सिटीच्या रस्त्यावर आणून ठेवलं. माझ्या मते या खटल्याचा पाया तिथेच पडला. त्या आधीही माणसं नाहीशी होत होती, पण त्यांची प्रेतं अशी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आली नव्हती.

आईव्हजला पकडून आणलं आणि १९ डिसेंबरपासून तीन दिवस भर रस्त्यात, कडाक्याच्या थंडीत, शेकोटी पेटवून खटला चालला. न्यायाधीश गाडीवर बसलेला. चोवीस जणांची ज्युरी, आणि ती फक्त सल्ला देणार. शेवटचा शब्द भोवती जमलेल्या शेकडो खाणवाल्यांचा. दोन्ही बाजूंना वकील होते. फिर्यादीची बाजू मांडणारा विल्बर सँडर्स तेव्हा तिशीच्याही आतला, आणि आरोपीचे दोस्त हत्यारं घेऊन गर्दीत उभे. ज्युरीतल्या तेविसांनी दोषी म्हटलं, एकाने म्हटलं नाही. सँडर्स गाडीवर चढला आणि त्याने तिथल्या तिथे फाशीचा ठराव मांडला. आईव्हजने सकाळपर्यंतची मुदत मागितली, आईला आणि बहिणींना पत्र लिहायचंय म्हणून. गर्दीतून कुणीतरी ओरडून विचारलं की त्याने टिबोल्टला किती वेळ दिला होता. अर्ध्या बांधलेल्या घराच्या तुळईला दोर बांधून त्याला त्याच रात्री, २१ तारखेला, लटकावलं.

हे वाचताना ‘बरं झालं’ असं मनात येतं, माझ्याही आलं. पण पुढच्या काही दिवसांत तिथे ‘व्हिजिलांटी’ मंडळ उभं राहिलं, म्हणजे नागरिकांनी स्वतःच गुन्हेगार शोधून स्वतःच शिक्षा देणारी गुप्त टोळी. तिने उघडा खटलाही ठेवला नाही. १० जानेवारी १८६४ रोजी तिने खुद्द शेरीफ हेन्री प्लमरलाच फासावर चढवलं, तो दरोडेखोरांचा म्होरक्या आहे असं म्हणून. तो खरंच होता का, यावर आजही इतिहासकारांत वाद आहे. १९९३ साली व्हर्जिनिया सिटीत त्याच्यावर मरणोत्तर खटला चालवण्यात आला, तर ज्युरी सहा विरुद्ध सहा अशी अडकली. प्लमरला मुलगी असती आणि ती दाद मागायला आली असती, तर फिर्याद कुणाविरुद्ध नोंदवणार होती? मारणाऱ्यांची नावं गुप्त, आणि पुढे त्यातलेच बरेच जण प्रतिष्ठित झाले. सँडर्स तर मोंटानाचा सिनेटर झाला.

अशा गर्दीपुढे बाई आरोपी म्हणून उभी राहिली तर काय होई, तेही बघून ठेवू. ५ जुलै १८५१ रोजी कॅलिफोर्नियातल्या डाउनीव्हिलमध्ये होसेफा नावाच्या मेक्सिकन बाईला खाणवाल्यांनी पुलावरून फाशी दिली. आदल्या रात्री फ्रेडरिक कॅनन या खाणवाल्याने तिच्या घराचं दार मोडलं होतं. सकाळी त्यावरून बाचाबाची झाली आणि तिने त्याला सुरीने भोसकलं. ती गरोदर आहे असं एका डॉक्टरने सांगितलं, तर गर्दीने डॉक्टरलाच हुसकावून लावलं. सकाळी वार, दुपारी फाशी.

सुटलेला खुनी पुन्हा कसा सापडतो

गर्दी कधी कधी उलटही निकाल द्यायची. २ ऑगस्ट १८७६ रोजी डाकोटा टेरिटरीतल्या डेडवुडमध्ये जॅक मॅकॉलने वाइल्ड बिल हिकॉक या नामांकित पिस्तूलबाजाच्या डोक्यात मागून गोळी घातली. दुसऱ्याच दिवशी एका नाटकगृहात खाणवाल्यांचं कोर्ट भरलं. मॅकॉल म्हणाला, याने माझ्या भावाला मारलं होतं, मी सूड घेतला. कोर्टाने त्याला सोडून दिलं.

काही आठवड्यांनी वायोमिंगमध्ये तो याच गोष्टीच्या बढाया मारताना सापडला आणि केंद्र सरकारच्या माणसांनी त्याला धरलं. इथे वाचकाला प्रश्न पडेल: एकाच गुन्ह्यासाठी दोनदा खटला चालवता येत नाही ना? अमेरिकेच्या घटनेतच तशी बंदी आहे. मात्र ती बंदी लागू व्हायला पहिला खटला खऱ्या, अधिकार असलेल्या कोर्टात झालेला असावा लागतो. डेडवुड ज्या जमिनीवर उभं होतं ती १८६८ च्या तहाने लकोटा या मूळनिवासी लोकांची होती. तिथे गोऱ्यांनी वस्ती करणंच बेकायदा, मग त्यांचं कोर्ट कुठून कायदेशीर होणार! म्हणून यँक्टनच्या सरकारी कोर्टात खटला नव्याने चालला आणि १ मार्च १८७७ रोजी मॅकॉलला फाशी झाली.

आपल्या त्या मुलीसाठी हा धडा मोलाचा आहे. छावणीतल्या पंचांनी बापाच्या खुन्याला सोडलं तरी सगळं संपलं असं नाही. सरकारी मार्शल आणि टेरिटरीचा न्यायाधीश गाठायचा. अडचण एवढीच की ते शेकडो मैलांवर असत, आणि साक्षीदार तर नव्या सोन्याच्या बातमीसरशी पांगलेले. मला मात्र या प्रकरणातली दुसरी गोष्ट जास्त खुपते. लकोटांची जमीन लकोटांचीच आहे, हे सरकारला एका गोऱ्या खुन्याला फाशी देण्यापुरतं आठवलं. मॅकॉलच्या फाशीच्या आदल्याच दिवशी, २८ फेब्रुवारी १८७७ रोजी, अमेरिकी काँग्रेसने ब्लॅक हिल्स, म्हणजे डेडवुड ज्यात आहे ते डोंगर, लकोटांकडून कायदा करून काढून घेतले. ते घेणं अन्यायाचं होतं आणि त्याची भरपाई द्यायला हवी, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं ते १९८० साली.

मुलगी कुणाची?

आतापर्यंत मी गृहीत धरलं की मुलगी गोरी आहे. ती चिनी असेल तर?

१८५३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या नेवाडा काउंटीत जॉर्ज हॉल या गोऱ्याने लिंग सिंग या चिनी खाणवाल्याला ठार मारलं. ज्युरीने हॉलला दोषी धरलं, फाशी सुनावली. हा रीतसर कोर्टातला खटला होता. पण साक्षीदार चिनी होते, आणि राज्याच्या १८५० च्या कायद्यात कलम होतं की काळ्या किंवा ‘इंडियन’ माणसाची साक्ष गोऱ्याच्या बाजूने किंवा विरुद्ध घेता येणार नाही. त्यात चिनी हा शब्द कुठेच नव्हता. १८५४ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात मुख्य न्यायाधीश ह्यू मरे यांनी तो अर्थ घुसवला. त्यांचा युक्तिवाद असा: कोलंबस अमेरिकेला पोचला तेव्हा आपण आशियात आलोय असं त्याला वाटलं, म्हणून त्याने तिथल्या लोकांना इंडियन म्हटलं, म्हणजे त्या शब्दात आशियातली माणसंही आली. शिवाय ‘काळा’ म्हणजे जो गोरा नाही तो प्रत्येक जण. हॉलची शिक्षा रद्द झाली.

याचा व्यवहारातला परिणाम भयंकर होता. गोऱ्याने चिनी माणसाला मारायचं आणि आजूबाजूला दुसरा गोरा नाही एवढंच बघायचं. डोळ्यांदेखत बाप गेला असला तरी त्या मुलीने पाहिलेलं कायद्याच्या लेखी कुणीच पाहिलेलं नाही. काळ्यांवरची ही बंदी १८६३ मध्ये उठली. चिनी आणि मूळनिवासी माणसांवरची आणखी दहा वर्षं टिकली. त्या काळात चिनी खाणवाले परदेशी म्हणून दरमहा कर मात्र भरतच होते, आणि तो गोळा करणाऱ्याने मारहाण केली तर त्याच्याविरुद्धही त्यांना साक्ष देता येत नव्हती.

आता गोऱ्या मुलीकडे परत येऊ, कारण तिचंही सोपं नव्हतं. तिला साक्ष देता येई. अविवाहित असेल तर तिच्या नावाने दावाही लावता येई. लग्न झालं असेल तर मात्र इंग्लिश कायद्याच्या परंपरेप्रमाणे तिचं कायदेशीर अस्तित्व नवऱ्यात विरघळायचं. कॅलिफोर्नियाने स्पॅनिश वळण थोडं जपलं. १८४९ च्या राज्यघटनेने सांगितलं की लग्नाआधीची आणि वारशाने आलेली मालमत्ता बायकोचीच. ऐकायला छान. पण पुढच्याच वर्षीच्या कायद्याने तिचा कारभार नवऱ्याच्या हाती दिला, तो १८७२ च्या संहितेपर्यंत. बापाचं सोनं मुलीचं, पण ते सांभाळणार जावई.

ज्युरीत सगळे पुरुष. वकील म्हणून उभं राहायला कॅलिफोर्नियात ‘गोरा पुरुष नागरिक’ असणं सक्तीचं होतं. नवऱ्याने सोडलेल्या, पाच मुलांच्या क्लारा फोल्ट्झ यांनी १८७८ मध्ये तो कायदा बदलून घेतला आणि त्याच वर्षी त्या राज्यातल्या पहिल्या महिला वकील झाल्या.

वायोमिंगमधलं साउथ पास सिटी हेही सोन्याचंच गाव. तिथल्या विल्यम ब्राइट या गुत्तेवाल्याने टेरिटरीच्या सभागृहात विधेयक मांडलं आणि डिसेंबर १८६९ मध्ये वायोमिंगच्या बायकांना मताधिकार मिळाला. फेब्रुवारी १८७० मध्ये त्याच गावात एस्थर मॉरिस यांची ‘जस्टिस ऑफ द पीस’ म्हणून, म्हणजे किरकोळ दाव्यांच्या स्थानिक न्यायाधीश म्हणून नेमणूक झाली. अमेरिकेत न्यायाधीशाच्या जागेवर बसलेली ही पहिली बाई. कायद्याचं शिक्षण शून्य, वय पन्नाशीच्या पुढे. आधीच्या न्यायाधीशाने दप्तर द्यायला नकार दिला, तर त्यांनी नवी वही घालून काम सुरू केलं आणि नऊएक महिने ते चोख केलं. त्याच मार्चमध्ये लॅरमीला बायका ज्युरीवर बसल्या. पुढच्या न्यायाधीशाने ती पद्धत बंद केली.

मेलेल्या माणसाची किंमत

समजा खुनी फासावर गेला किंवा पळाला. मागे राहिलेल्या मुलाबाळांनी खायचं काय? इंग्लिश कायद्याचं जुनं तत्त्व असं की माणूस मेला की त्याच्या इजेचा दावाही त्याच्याबरोबर मेला. पाय मोडला तर भरपाई मागता येई, जीव गेला तर काहीच नाही. इंग्लंडने १८४६ मध्ये कायदा करून हे बदललं आणि कुटुंबाला भरपाई मागायचा हक्क दिला. कॅलिफोर्नियाने तसा कायदा केला १८६२ मध्ये, म्हणजे सोन्याची पहिली लाट ओसरून गेल्यावर. आपल्याकडे हेच तत्त्व १८५५ च्या तेराव्या कायद्याने आलं होतं, आणि बायको, नवरा, आईवडील, मूल अशी त्यातली हक्कदारांची यादी होती. म्हणजे निदान कागदावर, मुंबई इलाख्यातली मुलगी बापाच्या मृत्यूची भरपाई कॅलिफोर्नियातल्या मुलीच्या सात वर्षं आधी मागू शकत होती.

खरीखुरी एक मुलगी

इतका वेळ मनातल्या मुलीबद्दल बोललो. आता खरी. सारा विनेमुका, उत्तर पायूट जमातीच्या प्रमुखाची लेक, जन्म १८४४ च्या सुमाराचा. तिच्या लोकांच्या मुलखात १८५९ मध्ये कॉमस्टॉकची सोन्याचांदीची खाण सापडली. ज्या पिन्यन पाइनच्या बियांवर पायूटांचा हिवाळा निघायचा ती झाडं खाणीच्या सरपणासाठी तुटू लागली. १८६० मध्ये विल्यम्स स्टेशनवरच्या गोऱ्यांनी दोन पायूट मुलींना पळवून डांबून ठेवलं. त्यांची दाद कुठल्याच कोर्टात लागणार नव्हती. पायूटांनी स्टेशन जाळलं आणि युद्ध पेटलं. १८६५ च्या मार्चमध्ये मड लेकजवळ घोडदळाने त्यांच्या तळावर हल्ला केला. बाप्ये बरेचसे शिकारीला गेलेले, मेले ते मुख्यतः म्हातारे, बायका आणि पोरं. त्यात साराच्या घरचीही माणसं होती. त्याबद्दल कुणालाही शिक्षा झाली नाही.

१८७९ च्या जानेवारीत तिच्या लोकांना, ज्यांनी १८७८ च्या बॅनक जमातीच्या लढाईत भागही घेतला नव्हता त्यांनाही, बर्फातून साडेतीनशे मैल चालवत ओरेगनच्या मॅल्हूर राखीव वसाहतीतून याकामाच्या राखीव वसाहतीत नेलं. पुढच्या वर्षी बाप आणि भाऊ यांच्यासह सारा थेट वॉशिंग्टनला गेली, गृहमंत्री कार्ल शुर्झना भेटली आणि लोकांना परत जाऊ देण्याचं लेखी पत्र मिळवून आली. पत्रात एक मेख होती. परतीचा खर्च ज्याचा त्याने करायचा. याकामाच्या सरकारी एजंटने तर ते पत्रच मानलं नाही. तिच्याच लोकांना वाटलं, हिने आपल्याला फसवलं.

मग तिने पूर्वेकडच्या शहरांत शेकडो व्याख्यानं दिली आणि १८८३ मध्ये स्वतःचं आत्मकथन छापलं. मॅल्हूरच्या माजी एजंटने तिला गप्प करायला नेहमीचाच उपाय केला: ही बाई चालीची चांगली नाही, अशी लेखी जबानी गोळा करून ती वॉशिंग्टनला पाठवली. म्हणून तिला पुस्तकाच्या शेवटी जनरल हॉवर्डसारख्या लष्करी अधिकाऱ्यांची, आपण खरं बोलतो आणि इमानदार आहोत अशी प्रशस्तिपत्रं जोडावी लागली. आपल्याच माणसांच्या मरणाबद्दल बोलायला तिला गोऱ्या सैनिकांचा दाखला लागला, हे मला त्या पुस्तकातलं सगळ्यात जड पान वाटतं. १८८४ मध्ये तिने अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे साक्ष दिली. ती नोंदवून घेतली गेली. मॅल्हूरची जमीन त्याच्या आदल्याच वर्षी गोऱ्या वसाहतवाल्यांसाठी खुली करून टाकलेली होती.